नाताळच्या आठवड्यातली मालमोजणी

रेजिना,

काल संध्याकाळी फादर आले होते. तू गेलीस त्याला महिना होतोय, म्हणून उद्या देवळात तुझी महिन्याची मिस्सा. प्रवचनात तुझ्याविषयी चार शब्द बोलावेत म्हणून विचारायला आले. आपल्या गावात ते नवीन. तुला त्यांनी पाहिलं ते शेवटी, आजारी असतानाच. ओट्यावर माझी बहीण आणि शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. मी घसा खाकरेपर्यंत बहिणीने सगळा ताबा घेतला.

"फादर, आमच्या वहिनीने संसारासाठी किती सोडलं म्हणून सांगू! मुंबईच्या ऑफिसात मोठी खुर्ची चालून आली होती. पण गेली नाय ती. सासूसाठी, पोरीसाठी, माझ्या या भावासाठी."

बायांनी माना डोलावल्या. एकीने डोळ्यांना पदर लावला. फादर म्हणाले, "त्याग. बरोबर. मग त्यागावरच बोलतो मी."

तू असतीस तर भुवई उडवून आत चहा टाकायला गेली असतीस. तू नव्हतीस, म्हणून मलाच तोंड उघडावं लागलं. म्हटलं, "फादर, उद्या दुपारपर्यंत थांबा. विचार करून सांगतो." बहीण माझ्याकडे वळली. "यात कसला आलाय विचार?" म्हणाली.

आज शनिवार, सकाळची शाळा. घरी येऊन कालचीच आमटी गरम करून जेवलो आणि ओट्यावर कागद घेऊन बसलोय. प्रश्न एकच आहे आणि तो तुला पाठ आहे: मुंबईची ती जागा तू आमच्यासाठी सोडलीस का? यावरून आपण किती भांडलो! ते भांडण कधी मिटलं नाही, नुसतं दमलं. आणि गेल्या नाताळात मला त्याचं उत्तर मिळालं, ते तुला सांगायचं राहून गेलं.

जरा मागून येतो. मास्तरला मागून यायची खोडच असते, असं तूच म्हणायचीस.

बहात्तर साली आम्ही तुला बघायला पापडीला आलो, तेव्हा माझ्या आईने विचारलं होतं, "बाय, लग्नानंतर नोकरी करणार की वाडी बघणार?" वाडी म्हणजे आपली केळी, नारळ आणि थोडी भाजी. तू पटकन म्हणालीस, "वाडीला तुम्ही सगळे आहात, आई. कारखान्यात अकाउंट्सला माणूस मिळत नाही." त्या कारखान्यात लागून तुला वर्षसुद्धा झालं नव्हतं. काम काय, तर टाइप करायचं आणि गेटवरच्या चिठ्ठ्या फाइलला लावायच्या. पण बोलणं असं, की तू एक दिवस गेली नाहीस तर स्टेशनपलीकडचा तो सगळा नळाचा कारखाना बंदच पडेल! मला तू तिथेच आवडलीस. आईला पटायला वेळ लागला.

तुझा तो कारखाना पितळेचे नळ आणि व्हॉल्व्ह बनवायचा. त्याची सगळी भट्टी, सगळी लेथ मशिनं मला तुझ्या तोंडून पाठ झाली होती. कारखान्यात मात्र मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तू तिथे एकेक पायरी चढत गेलीस. आधी चिठ्ठ्या, मग पगारपत्रक, मग खरेदी, मग कॉस्टिंग. कॉस्टिंग म्हणजे काय, हे तू मला आपल्या विहिरीवर बसून समजावलं होतंस: एक नळ बनवायला खरोखर किती खर्च येतो, ते शोधून काढायचं. मी म्हटलं, त्यात काय, पितळेचा भाव अधिक मजुरी. तू इतकी हसलीस की धुणं विहिरीत पडता पडता राहिलं. त्या विषयाच्या परीक्षेला बसलीस तेव्हा लीना पोटात होती. केंद्रावरच्या बाईने विचारलं, "तुम्ही नक्की परीक्षेलाच आलात ना?" तू म्हणालीस, "हो, दोघं आलोय."

पुढे तू कारखान्याची मुख्य अकाउंटंट झालीस. साहेब म्हणायची सवय असलेल्या माणसांना 'म्याडम' म्हणायला शिकावं लागलं.

आपल्या संसारातली गंमत अशी, की मला नाताळची सुट्टी, आणि तुला नेमकं तेव्हाच उसंत नाही. तेव्हा हिशेबाचं वर्ष ज्याचं त्याचं असायचं. कोणी दिवाळीला वह्या बंद करी, कोणी मार्चला. तुमच्या मालकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. म्हणजे ऐन नाताळच्या आठवड्यात मशिनं बंद करून मालमोजणी. कच्चं पितळ किती, तयार नळ किती, आणि तुझा लाडका विषय, अर्धे तयार नळ किती. नाताळच्या दिवसाची तेवढी सुट्टी. त्या दिवशीही मिस्साला तू माझ्या शेजारी उभी राहायचीस आणि मन पॉलिश खात्यात.

आईला ते कधी पचलं नाही. एकदा ऐन नाताळच्या तोंडावर तू पर्स घेऊन निघालीस, तेव्हा ती दारात आडवी आली. "अगो बाय, या दिवसांत कोणती बाई घर सोडून कारखान्यात जाते?"

"आई, येशूच्या जन्माला मारिया तरी कुठे घरी होती?" म्हणालीस आणि चपला घालून निघालीससुद्धा. आई आधी रागावली. मग दोन दिवसांनी तेच वाक्य शेजारी जाऊन सांगून आली, ते माझ्या सुनेचं म्हणून.

तर घरातला नाताळ माझ्याकडे आला. येशूच्या जन्माचा गोठा मी मांडायचा, चांदणी मी टांगायची, करंज्या आईने लाटायच्या आणि मी तळायच्या. गावाने बरीच चेष्टा केली. मास्तरांच्या हाताला खडूपेक्षा मैदाच जास्त लागतो, म्हणायचे. मी मनाला लावून घेतलं नाही, कारण खरं सांगायचं तर मला तळायला आवडायचं. लीनाने तिसरीत निबंध लिहिला: 'नाताळात माझी आई नळ मोजते आणि माझे पप्पा करंज्या करतात. नंतर येशूचा जन्म होतो.' तो निबंध मलाच तपासायला आला. मी पूर्ण गुण दिले.

आणि मोजणीवाल्यांसाठी दरवर्षी वाडीतला केळीचा एक घड मी पाठवायचो. त्या घडाची गोष्ट आठवली की मी अजून एकटा हसतो. तुझा नियम कडक होता, की कारखान्यात जे काही आहे त्याला चिठ्ठी लागली पाहिजे. चिठ्ठी नाही ती वस्तू मोजली नाही. स्टोअर सांभाळणारा हरीभाऊ, नायगावकडचा, मिठागरातल्या घरातला. त्याने स्टोअरमध्ये आकड्याला टांगलेल्या केळ्यांनाही चिठ्ठी लावली. मोजणाऱ्याने मुकाट्याने उतरवून घेतलं: केळी, एक घड, स्थिती चांगली. टाइप करणाऱ्याने टाइप केलं. आणि फेब्रुवारीत ऑडिटरसाहेबांनी गंभीरपणे विचारलं, की हा माल खरेदीच्या भावाने धरला आहे की बाजारभावाने?

तू हरीभाऊला बोलावलंस. तो म्हणाला, "म्याडम, तुमीच बोल्लात ना, जे दिसल त्याला चिठ्ठी लावा. मी कोन ठरवनार, काय माल हाय आनि काय नाय?"

तू घरी येऊन ते त्याच्या आवाजात करून दाखवलंस. ऑडिटरना उत्तर काय दिलंस, तर 'सदर माल मोजणीच्या काळातच खपला, शिल्लक नाही.' आई हसून हसून खाली बसली. चपला न काढता, पर्स खांद्याला तशीच, तू ओट्यावर उभी राहून गोष्ट सांगत होतीस. तू रोज अशीच यायचीस. आधी कारखाना सांगून व्हायचा, मग पाय धुवायचे.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, रेजिना. तरीही मला कळलं नाही. माणूस जवळ असलं की असंच होत असावं.

मुंबईची गोष्ट लीना पाचवीत असतानाची. मालकांनी मुंबईत मोठं ऑफिस घेतलं आणि तुला तिथे यायला सांगितलं. सगळ्या कारखान्यांचे हिशेब तुझ्या हाताखाली. स्वतःची केबिन. शनिवार-रविवार सुट्टी. आणि मोजणी कारखान्यातल्या लोकांनी करायची, तू फक्त आलेले आकडे बघायचे. म्हणजे नाताळ मोकळा! मी तर मनात पाहुण्यांची यादीसुद्धा करून टाकली होती.

तू नाही म्हणून आलीस.

मालकांना काय सांगितलंस, की मुलगी लहान आहे. आईला सांगितलंस, की तुमचे गुडघे असे, तुम्हाला टाकून रोज मुंबईला कुठे जाऊ. आईने दृष्ट काढली तुझी. महिनाभर गावभर सांगत फिरली. आणि मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "मला नाही जायचं."

"का पण?"

"तिथे नुसते आकडे येतात. नळ कुठे दिसतो?"

मी म्हटलं, हे काय कारण झालं? नळ बघायचाय तर न्हाणीघरात आहे. तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. मला वाटलं, ही त्याग करतेय आणि कबूल करत नाहीये. मग मी जास्तच मागे लागलो. आईकडे मी बघतो, लीनाकडे मी बघतो, वाडीला गडी आहे, तू जा. तू म्हणायचीस, "मास्तर, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर लिहूनही तुम्हीच ठेवता." दरवर्षी डिसेंबर आला की हे भांडण पुन्हा निघायचं. तू मोजणीला निघालीस की मी म्हणायचो, "मुंबईला गेली असतीस तर आज घरी असतीस." तू म्हणायचीस, "हो ना," आणि जायचीस.

मग दोन वर्षांपूर्वी सरकारने फर्मान काढलं, की आता सगळ्यांचं वर्ष एकच, मार्चला संपणारं. तू ही बातमी आमटीत मीठ कमी आहे अशा आवाजात सांगितलीस. मी मात्र ओट्यावर नाचलो. आईचं त्याच्या आधीच निधन झालेलं, नाहीतर तीही नाचली असती. गेल्या वर्षीचा नाताळ आपला पहिला मोकळा नाताळ होता. तू चांगली आठवडाभर रजा टाकलीस.

काय तो आठवडा! तू माझ्या स्वयंपाकघरात शिरलीस. हो, तोवर ते माझंच झालं होतं, निदान डिसेंबरपुरतं. पहिल्याच दिवशी विचारलंस, एका करंजीला सारण किती लागतं? मी म्हटलं, हाताला कळतं. ते तुला पटेना. दोन घाणे तळून होईपर्यंत तू किती मैद्याच्या किती करंज्या व्हायला हव्यात आणि किती झाल्या, हे सांगून मोकळी झालीस. लीना म्हणाली, मम्मी, फुटलेल्या करंज्या भंगारात धरायच्या का? तू अगदी गंभीरपणे म्हणालीस, "नाही, त्या परत भट्टीत टाकता येत नाहीत." नाताळच्या दिवशी पाहुणे आले, सांदणं झाली, केक कापला, तू नवी साडी नेसून सगळ्यांना वाढत होतीस. पण दुसऱ्या दिवशी तू गोठ्यातली मेंढरं पुसून ओळीत लावताना दिसलीस. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी वाडीतून येतोय तर तू तयार होऊन दारात उभी.

"चला, जरा कारखान्यात जाऊन येऊ."

"रजा आहे ना तुझी?"

"म्हणून तर तुम्हाला घेऊन चाललेय."

माणिकपूरपर्यंत रिक्षा, मग स्टेशन ओलांडून पलीकडे. गेटवरचा पहारेकरी उठून उभा राहिला. हरीभाऊ स्टोअरच्या दारातून धावत आला. "म्याडम! आज रजा ना तुमाला? पानी आनू? आनि हे मास्तर ना? केळीवाले?" इतक्या वर्षांत त्या कारखान्यात माझी ओळख ती. मला बरं वाटलं.

मोजणी नसल्यामुळे त्या आठवड्यात कारखाना प्रथमच चालू होता. तू आत शिरलीस आणि, रेजिना, तू बदललीस. तसा चेहरा मी आपल्या लग्नात पाहिला होता आणि लीना झाली तेव्हा, एवढंच. मशिनांचा आवाज इतका, की तू माझ्या कानाशी येऊन ओरडत होतीस. ही भट्टी, हा साचा, हे लेथ. पॉलिशवाली माणसं पिवळ्या धुळीने माखलेली, ती तुझ्याकडे बघून हसत होती आणि तू प्रत्येकाला नावाने विचारत होतीस, कोणाची पोरगी दहावीला, कोणाची सासू आजारी. मग तू एका पाटीतून एक नळ उचललास. धड ओतलेला, पण आतून कापलेला नाही, चकाकी नाही, चावी नाही.

"मास्तर, याची किंमत सांगा."

मी म्हटलं, "अर्ध्या नळाची अर्धी किंमत."

"नापास!" तू टाळी वाजवून ओरडलीस. लेथवरचा माणूस वळून बघायला लागला. मग तू मला समजावत सुटलीस. याच्यात भट्टीचा कोळसा किती गेला, कोणाचे हात किती वेळ लागले, पुढे कुठे वाया जाऊ शकतो. मला काडीचं कळत नव्हतं. मी फक्त तुझ्याकडे बघत होतो. चाळिशीला टेकलेली माझी बायको, केसांवर पितळेची धूळ, हातात ओबडधोबड नळ, आणि शाळा सुटलेल्या पोरीसारखा आनंद.

तेव्हा मला कळलं, की ही कशासाठीही काही सोडून राहिलेली नाही. हिला इथेच राहायचं होतं. तिथे नुसते आकडे येतात, नळ दिसत नाही, हे तुझं कारण खरंच होतं. पण 'मला माझं काम इथेच आवडतं' असं बाईने म्हटलं, तर लोक दहा प्रश्न विचारणार. 'घरासाठी' म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, उलट दृष्ट काढतात. तू हुशार बाई. जे कारण लोकांना पचतं ते लोकांना दिलंस आणि खरं होतं ते मला. आणि मी ते ऐकून न्हाणीघर दाखवलं.

खरं सांगू का, घरी येताना मी जरा रुसलोही होतो. बायकोने आपल्यासाठी मुंबई सोडली, हे मिरवायला बरं वाटतं गं. शाळेत इतर मास्तर म्हणायचे, नशीबवान आहात. ते बिरुद असं एका सकाळी उतरवून ठेवायचं म्हणजे जड गेलं. रिक्षात मी बाहेरच बघत बसलो. तू विचारलंस, "काय झालं?" तेव्हाच सांगायला हवं होतं, की आता समजलं, आता भांडत नाही. पण रिक्षावाला ऐकत होता. म्हटलं, सांगू सावकाश. तू म्हणालीस, "पुढच्या नाताळला मी रजा टाकणार नाही हं. करंज्या तुमच्या तुम्हीच करा." मी हसलो. मग मार्चची मोजणी आली, ती ईस्टरच्या अंगावरच. मग लीनाचं कॉलेज. मग तुझं दुखणं. सावकाश काही उरलं नाही.

तुझी आठवण फार येते, रेजिना. संध्याकाळी तुझी यायची वेळ झाली की मी अजून ओट्यावर येऊन बसतो. घरात बोलायला लीना आहे, गडी आहे, बहीण येते-जाते. पण बाहेरून भरून येऊन ओट्यावर सगळं ओतणारं माणूस आता नाही. तुझ्या त्या गोष्टींवर आम्ही सगळे जगलो. आईसुद्धा. तू घरी बसून कुढणारी असतीस, तर आपला नाताळ कितीही मोकळा असता तरी काय कामाचा होता?

इथवर लिहिलं आणि उठलो. फादरना दुपारपर्यंत थांबायला सांगितलं होतं. देवळाशेजारच्या त्यांच्या घरी गेलो. ते प्रवचनच लिहीत बसले होते.

म्हटलं, "फादर, त्याग म्हणू नका."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या बहीण तर म्हणाल्या..."

"बहिणीचं मी बघतो. तिने काही सोडलं नाही. तिला तिचं काम आवडायचं."

"आणि घर?"

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी पाणी दिलं. मग म्हटलं, "फादर, सकाळी ती कारखान्यात जायची ती घाईघाईने, आणि संध्याकाळी घरी यायची तीही घाईघाईने. दोन्हीकडे तिला पोचायचंच असायचं. एवढंच सांगा."

फादर लिहायला लागले, मध्येच थांबले. म्हणाले, "लोकांना हे थोडं वाटेल."

मी म्हटलं, "वाटू दे. सतरा वर्षं रोज संध्याकाळी ते मला पुरलं."